परगावी गाणं ऐकायचं तर

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेला मयूर विहार-१ नावाचं मेट्रो स्थानक आहे. निळी आणि गुलाबी या दोन मार्गिका इथे भेटतात. निळ्या गाडीत बसलं की पाचवं स्थानक मंडी हाउस. गुलाबी गाडीत बसलं तर नदी ओलांडल्यावर पुढचंच स्थानक सराय काले खां–निजामुद्दीन. आणि कुठलीच गाडी पकडली नाही, तरी वसाहतीतच केरळी पद्धतीचं उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर आहे. प्रत्यक्ष समोर बसून गाणंबजावणं ऐकण्याची ज्याला ओढ आहे, त्याच्यासाठी या एका स्थानकावरून तीन वाटा निघतात. तिन्ही वाटांवरचं संगीत वेगळं, ऐकणारे वेगळे, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या संगीताचा खर्च उचलणारेही वेगळे.

महाराष्ट्रातून कामानिमित्त दिल्लीला आलेली गाणंवेडी माणसं भेटतात, तेव्हा त्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. संध्याकाळ मोकळी होती, फोनवर तिकीटविक्रीचं अ‍ॅप उघडून पाहिलं. विनोदी एकपात्री कार्यक्रम होते, क्लबमधले बँड होते, एखाद्या सिनेगायकाचा मैदानावरचा मोठा शो होता, पण ख्याल, धृपद, सतार यांतलं काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी मंडी हाउसच्या एखाद्या सभागृहात कुणीतरी नामवंत गायक यमन मांडत असतो आणि मागच्या रांगा रिकाम्या असतात. कारण साधं आहे. तिकीटविक्रीचं अ‍ॅप तेच कार्यक्रम दाखवतं, ज्यांचे पैसे ऐकणारा भरतो. आपल्याकडच्या अभिजात, भक्तिपर आणि लोकसंगीताचा फार मोठा भाग असा आहे की त्याचे पैसे ऐकणारा भरतच नाही. ते दुसरं कुणीतरी भरतं: सरकारी अकादमी, उद्योजक घराण्याचा न्यास, देवस्थान, दर्गा, कॉलनीतलं मंडळ, दिवंगत गुरूंचे शिष्य. परगावी गाणं शोधायचं असेल तर गायकाच्या नावामागे धावण्याआधी हा यजमान शोधावा. तो कोण, त्याच्या घरी गाणं कोणत्या दिवशी असतं, आणि तो आमंत्रण कुठे लावतो, एवढं कळलं की अनोळखी शहरातही वाट सापडते.

ही पद्धत नवी नाही. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नेमकं हेच करत होते. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. त्या काळी दुसऱ्या प्रांतात कोण गातं, कुठे गातं, कोणाकडे कोणती पोथी आहे हे सांगणारी छापील यादी नव्हती. ते गावोगावच्या जाणकारांकडे जात, त्यांच्याकडून पुढच्या गावचा पत्ता घेत, आणि जे घडलं ते रोजनिशीत लिहून ठेवत. असं करत ते एट्टयपुरमला संगीतज्ञ सुब्बराम दीक्षितरांपर्यंत पोहोचले. पुढे त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषदा भरवल्या. पहिली १९१६ साली बडोद्यात, दुसरी १९१८ साली दिल्लीत. दोन्हींच्या पाठीशी संस्थानिक होते. म्हणजे यजमान तेव्हाही आधी शोधावा लागत होता. त्याच पिढीतले कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेहून निघाले आणि बडोदा, ग्वाल्हेर अशी मजल मारत उत्तरेत गेले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या मर्जीवर न राहता लोकांसमोर, तिकीट लावून गाण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत ते आघाडीवर होते. तिकिटाची मैफल आणि यजमानाची मैफल हे दोन प्रवाह तेव्हापासून शेजारी शेजारी वाहत आले आहेत.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली आणि गवयांचा जुना आश्रय संपला. ती जागा आधी आकाशवाणीने घेतली. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन. सिनेगीतांविषयीच्या केसकरांच्या धोरणावर टीका झाली आणि त्यातली बरीच रास्त होती. तरीही रेडिओच्या मानधनावर कित्येक कलावंतांची चूल पेटत राहिली, हे त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवं. संगीत नाटक अकादमी १९५३ ची. या सरकारी यजमानांच्या जोडीला उद्योजकही होते. दिल्लीत सुमित्रा चरत राम यांनी उभ्या केलेल्या श्रीराम भारतीय कला केंद्राचा शंकरलाल संगीत महोत्सव १९४७ पासूनची परंपरा सांगतो.

यांतल्या बऱ्याच यजमानांची घरं मंडी हाउसच्या चौकाभोवती आहेत, म्हणून निळी मार्गिका महत्त्वाची. कोपर्निकस मार्गावर कमानी सभागृह, त्याच मार्गावर जुनं महाराष्ट्र सदन. जवळच श्रीराम भारतीय कला केंद्र. संगीत नाटक अकादमी रवींद्र भवनात. आणि त्रिवेणी कला संगम ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच तानसेन मार्ग. त्रिवेणीचं बांधकाम जोसेफ अ‍ॅलन स्टाइन या वास्तुविशारदाचं. लोधी रस्त्याच्या परिसरातली इंडिया इंटरनॅशनल सेंटर आणि इंडिया हॅबिटॅट सेंटर ही दोन केंद्रंही त्यांचीच. दिल्लीतली गाणं ऐकण्याची तीन उत्तम ठिकाणं एकाच माणसाने रेखाटली आहेत आणि तिन्ही ठिकाणी मोकळं अंगण आहे. कार्यक्रमाआधी अर्धा तास त्या अंगणात बसलं तरी शहराच्या संगीतजीवनाबद्दल बरंच काही कळतं.

मंडी हाउसपासून मेट्रोने एकच स्थानक पुढे, आयटीओजवळ, दीनदयाळ उपाध्याय मार्गावर दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय आहे. विनयचंद्र मौद्गल्य यांनी ते १९३९ मध्ये सुरू केलं. पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, त्यामुळे या संस्थेचा विष्णू दिगंबर जयंती समारोह ऑगस्टच्या आसपास होतो. मराठी माणसाने दिल्लीत एकच समारोह गाठायचा ठरवला, तर मी हा सुचवेन. पावसाळ्यात दिल्लीतली इतर व्यासपीठं बरीच शांत असताना इथे ग्वाल्हेर गायकीची मिरजेहून निघालेली परंपरा गातेवाजते.

इथे शिरायचं कसं? बहुतेक कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असतो, पण ‘विनामूल्य’ म्हणजे केव्हाही जावं असं नाही. काही ठिकाणी जो आधी येईल त्याला जागा, काही ठिकाणी पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखीव, काही ठिकाणी आयोजक संस्थेकडून आधी पास घ्यावा लागतो. पास लागत असेल तर संस्थेला सरळ फोन करावा. ‘मी बाहेरगावहून आले आहे, दोनच दिवस आहे’ असं सांगितल्यावर पास नाकारला गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. लोधी रस्त्यावरची दोन्ही केंद्रं महिन्याचा कार्यक्रम आधी जाहीर करतात. सभागृहांच्या दारावरचे फलकही वाचावेत. आजच्या कार्यक्रमाला आलेल्या माणसाला तिथे पुढच्या आठवड्याचं आमंत्रण मिळतं.

आता गुलाबी मार्गिका. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून येणाऱ्या अनेक गाड्या हजरत निजामुद्दीन रेल्वे स्थानकावर थांबतात. गोवा एक्सप्रेस तर वास्कोहून निघून बेळगाव, मिरज, पुणे करत इथेच संपते. त्या प्रवाशांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की स्थानकाला ज्यांचं नाव आहे त्या निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात गाण्याची परंपरा सातशे वर्षांची आहे. औलिया १३२५ साली गेले, त्यांचे लाडके शिष्य अमीर खुसरो त्याच वर्षी काही महिन्यांनी. दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत. दर गुरुवारी मगरिबच्या नमाजानंतर अंगणात कव्वाल बसतात.

इथला यजमान दर्गा आहे आणि गाणं त्या पीरासाठी आहे; श्रोते त्याचे पाहुणे. हे लक्षात घेतलं की गाण्याची रचनाही समजायला लागते. ओळ किती वेळा परतायची हे कव्वाल समोरच्या माणसाकडे पाहून ठरवतो. एखादी ओळ कुणाच्या मनाला भिडली, तो डोलू लागला किंवा नजराणा घेऊन पुढे आला, की तीच ओळ पुन्हा येते, पुन्हा येते, आणि त्या माणसाचा आवेग ओसरेपर्यंत कव्वाल पुढे सरकत नाही. ध्वनिमुद्रिकेत हे कधीच सापडत नाही, कारण तिथे कव्वालासमोर कुणी नसतं. सुरुवातीला बहुधा खुसरोंच्या नावावरचा ‘कौल’ गातात आणि ‘रंग’ सुरू झाला की मैफल आवरत आली असं समजावं. डोकं झाकावं, चपला बाहेर ठेवाव्यात, नजराण्यासाठी सुटे पैसे जवळ असावेत. बायकांना कबरीच्या आतल्या दालनात जाता येत नाही. अंगणात बसून ऐकता येतं.

गुरुवारची गर्दी सोसत नसेल त्याने शुक्रवारी संध्याकाळी त्याच वस्तीतल्या इनायत खान यांच्या दर्ग्यात जावं. हे सूफी संगीतकार १८८२ साली बडोद्यात जन्मले आणि १९२७ मध्ये दिल्लीत निवर्तले. त्यांचे आजोबा मौलाबख्श यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली. माणसं मोजकी, आवाज जवळून, आणि कव्वालीतला शब्द न् शब्द ऐकू येतो. पहिल्यांदा कव्वाली ऐकणाऱ्याला मी आधी इथेच पाठवेन.

निजामुद्दीनचं पंचांगही पाहण्यासारखं आहे. औलिया आणि खुसरो या दोघांचे उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे येतात, त्यामुळे इंग्रजी तारखेने ते दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. पण याच दर्ग्यात वसंतपंचमीही साजरी होते. पिवळी फुलं, पिवळी वस्त्रं आणि वसंताची गाणी. भाच्याच्या मृत्यूने खिन्न झालेल्या औलियांना हसवण्यासाठी खुसरोंनी पिवळे कपडे घातले, अशी तिची कथा सांगतात. माघ शुद्ध पंचमीला दिल्लीत असाल तर दुसरं काही ठरवू नका.

तिसरी वाट पायी जायची. मयूर विहार ही गेल्या चाळीसेक वर्षांत सहकारी गृहसंस्थांनी वसवलेली वसाहत. कृष्णा सोबती आणि राजेंद्र यादव यांच्यासारखे हिंदीतले मोठे लेखक इथे राहिले. फेज-३ मध्ये मल्याळी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, फेज-१ मध्ये बंगाली लोकांच्या दुर्गापूजा होतात, आणि पूर्व दिल्लीभर बिहार–पूर्वांचलातली माणसं आहेत. या प्रत्येक समाजाने आपलं गाणं बरोबर आणलंय आणि ते आपल्या सणाला बाहेर काढलं जातं. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात येत नाही. ती मंदिराच्या फलकावर मल्याळममध्ये असते, पूजेच्या मंडपाबाहेर बंगालीत असते, किंवा कुठेच नसते.

केरळी उत्सवातलं चेंडावादन म्हणजे नुसता ढोलांचा गजर, असं समजून पुष्कळजण दोन मिनिटं थांबून निघून जातात. त्यांनी अर्धा तास थांबावं. पंचारी मेळम् या प्रकारात आवर्तन आधी ९६ अक्षरांचं असतं. मग ते निम्मं होतं, ४८. मग २४, १२, आणि शेवटी ६. प्रत्येक टप्प्याला आवर्तन आखूड होतं आणि लय चढते. सुरुवातीला वादन इतकं संथ असतं की सम कुठे आली ते नवख्याला कळत नाही, आणि शेवटी प्रत्येक सम अंगावर येते. विलंबितातून द्रुताकडे जाणारा ख्याल ज्याने ऐकलाय त्याला हा प्रवास ओळखीचा वाटेल, फक्त इथे तो उभ्याने, घामेजलेल्या गर्दीत, स्वराशिवाय घडतो. दुर्गापूजेत ढाक वाजवणारे ढाकी बंगालमधून येतात. मंडपात सप्तमी–अष्टमीच्या रात्री कॉलनीतल्याच मंडळींचं रवींद्रसंगीत असतं आणि कधी कोलकात्याहून बोलावलेला गायक. छठच्या संध्याकाळी घाटांवर आणि वसाहतींतल्या तात्पुरत्या कुंडांभोवती बायका गातात. तिथे व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपकासमोर आलेली कलाकार नाही. पाण्यात उभ्या असलेल्या व्रतस्थ बायकांचं ते गाणं आहे, म्हणून ते दुरून आणि फोन खिशात ठेवून ऐकावं.

क्लब आणि कॅफेंतल्या बँडबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते शोधणं सोपं आहे. दक्षिण दिल्ली आणि गुरुग्राममध्ये ते भरपूर आहेत, तिकीट फोनवर मिळतं, वेळ मात्र रात्री नऊनंतरची. मेट्रोची शेवटची गाडी अकराच्या सुमारास सुटते, म्हणून परतीचं वाहन आधी ठरवून जावं.

कोणता राग ऐकायला मिळेल हेही बऱ्याच अंशी घड्याळावर ठरतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला मनाई केली. राज्य सरकारला वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. बंदिस्त सभागृहांना हा नियम लागू नाही, पण सभागृहांचे कर्मचारी आणि शेवटची मेट्रो यांचंही घड्याळ असतंच. परिणाम असा की शहरी श्रोत्यांची एक अख्खी पिढी यमन, पूरिया धनाश्री, बिहाग, बागेश्री एवढ्यावर वाढते. दिल्लीत संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम जूनमध्ये असेल तर सूर्य मावळायला अजून पाऊण तास असतो. मुलतानी किंवा मारवा त्या वेळी ऐकायला मिळण्याची शक्यता खरी. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारासच अंधारतं, म्हणून त्याच साडेसहाला यमन सुरू होतो. ज्याला ललत, भटियार, तोडी ऐकायची आहे त्याने सकाळच्या मैफली मुद्दाम हेराव्यात. मुंबईत पंचम निषाद या संस्थेने ‘प्रातःस्वर’ ही पहाटेची मालिका चालवली ती याच भुकेपोटी, आणि आपल्या दिवाळी पहाटेचं मोलही मला त्यातच दिसतं. दिल्लीतल्या मराठी संस्थाही दिवाळी पहाट करतात. मध्यरात्रीनंतरचा दरबारी आणि पहाटेचा भैरव एकाच बैठकीत हवा असेल तर जानेवारीत कोलकात्याच्या डोव्हर लेन संमेलनाला किंवा एप्रिलच्या सुमारास, हनुमान जयंतीच्या दिवसांत, वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात जावं. मंदिराच्या अंगणात रात्रभर गाणं चालतं आणि दार सर्वांना उघडं असतं.

यजमान ओळखण्याची सवय लागली की इतर शहरंही उलगडतात. चेन्नईचा यजमान सभा. १९२८ साली स्थापन झालेली म्युझिक अकॅडमी त्यांत अग्रगण्य. डिसेंबरात या सभांत सकाळपासून कार्यक्रम असतात, आणि मोठी नावं संध्याकाळी तिकीट लावून गातात. पण दुपारी तरुण कलावंतांना जी वेळ मिळते तिला बहुधा प्रवेश फुकट असतो. पुढच्या दहा वर्षांत मोठं होणारं गाणं ऐकायचं असेल तर ते या दुपारच्या अर्ध्या भरलेल्या सभागृहांत ऐकावं. अहमदाबादचं सप्तक नववर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू होतं. ग्वाल्हेरला यजमान मध्य प्रदेश सरकार आणि निमित्त तानसेनाची समाधी.

आपल्या भागात यजमान बहुतेकदा शिष्य असतात आणि निमित्त पुण्यतिथी. गुरूच्या नावाने गायचं, मानधनाचा विचार मागे ठेवायचा, आणि वर्षातून एकदा घराण्यातल्या सगळ्यांनी एकत्र यायचं, ही त्यामागची भावना. १९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी महोत्सव सुरू केला. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उरुसाच्या दिवसांत त्यांच्या नावाने गाणं होतं. दर्गा आणि शिष्य असे दोन्ही यजमान एकाच अंगणात भेटतात असं हे ठिकाण, आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांची गल्ली त्याच गावात. मिरजेतून गाडीने नुसतं पुढे जाणाऱ्या रसिकांना मी कळकळीने सांगते, एकदा उरुसाची तारीख काढून उतरा.

माहिती मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र गाण्याच्या जागी जाऊन बसणं हाच. गदगहून गुरूच्या शोधात घर सोडून निघालेला लहानगा भीमसेन ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली असा भटकत जालंधरला पोहोचला. तिथे १८७५ पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं. त्या संमेलनाला आलेल्या विनायकबुवा पटवर्धनांनी या मुलाला सांगितलं की तू इतक्या लांब कशाला आलास, तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत. धारवाडजवळच्या कुंदगोळचा पत्ता पंजाबातल्या संमेलनात मिळाला, कारण गाण्याची खबर असलेली माणसं तिथे जमली होती.

आजही ते तसंच चालतं. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरच्या ज्येष्ठ श्रोत्याला विचारावं, या आठवड्यात आणखी कुठे काय आहे. दिल्लीत असे श्रोते ठरलेले असतात, ते रोज कुठल्या ना कुठल्या सभागृहात भेटतात आणि विचारणाऱ्याला आनंदाने सांगतात. कार्यक्रम संपल्यावर गायकाभोवती गर्दी होते. तेव्हा तानपुऱ्यावर साथ करणाऱ्या शिष्येकडे जावं. गवसणी घालताना ती दोन मिनिटं मोकळी असते. गुरुजी पुढे कुठे गाणार, कुणाकडे घरगुती बैठक आहे, गुरुपौर्णिमेला वर्गातले सगळे कुठे गातात, हे तिला पाठ असतं, आणि बहुतेक वेळा ती लगेच फोन काढून आमंत्रण पाठवते.